नवखीचा चेहरा

डोळे तपासायला बसलेल्या माणसाला खोटं बोलता येत नाही, असा तिचा चार वर्षांचा अनुभव होता. पाटीवरची शेवटची ओळ दिसत नसली तरी लोक बेधडक ठोकून देतात. पण ती ज्या अंतरावरून बघायची तिथून ते लगेच कळायचं. तोंड काहीही म्हणो, डोळ्यातली बाहुली आधी कबुली देते. त्यामुळे त्या गुरुवारी दुपारी, चष्म्याच्या दुकानातल्या त्या अंधाऱ्या खोलीत जे खोटं बोललं गेलं ते नेमकं तिनेच बोलावं, हा जरा अन्यायच होता.

तो पाऊस चुकवायला दुकानात शिरला होता. पण मालकांच्या दुकानात शिरलेला माणूस डोळे तपासल्याशिवाय बाहेर पडत नसे. केसांतून पाणी निथळत होतं, आणि त्याने पाटीवरची शेवटची ओळ घडाघडा वाचून दाखवली. सगळी अक्षरं चुकली. पण इतक्या आत्मविश्वासाने चुकली, की तिने मागे वळून एकदा पाटीच तपासून घेतली.

काय काम करता, असं तिने विचारलं. लिफ्ट दुरुस्त करतो, असं तो म्हणाला. तिने मनातल्या मनात गावातल्या सगळ्या उंच इमारतींसाठी छोटीशी प्रार्थना केली आणि त्याच्या डोळ्यांसमोर भिंग धरलं. डाव्या डोळ्यात एक करडा ठिपका होता. लांबून कुणाला दिसला नसता.

तेवढ्यात तिची नजर त्याच्या खिशावर गेली. पितळी बिल्ला — तीन वर्तुळं, त्यातलं एक तुटलेलं.

‘परतीची कक्षा’. पंचवीस वर्षांपूर्वी टीव्हीवर लागलेली, सव्वीस भागांची, घरी परतायचा रस्ता चुकलेल्या एका यानाची मालिका. यानाचं सुकाणू म्हणजे शिवणयंत्राचं चाक आहे हे शेंबड्या पोरालाही कळायचं. परग्रहावरच्या लोकांनी काचसामानाला गुंडाळतात तो फुग्यांचा प्लास्टिक कागद अंगभर गुंडाळलेला असायचा, आणि भावनेच्या भरात कुणी मिठी मारली की फुगे फुटायचे. ती सगळी मालिका तिने अकरा वेळा पाहिली होती. बारावी फेरी चालू होती.

आता हे तिने अभिमानाने सांगायला हवं होतं. पण आदल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकाला नववा भाग समजावून सांगताना तिची पंचेचाळीस मिनिटं गेली होती, आणि ते गिऱ्हाईक थेट समोरच्या दुकानात जाऊन चष्मा करून आलं होतं. मालकांनी सक्त ताकीद दिली होती — यापुढे गिऱ्हाइकाशी अंतराळ हा विषय बंद. आणि या क्षणी खोलीच्या दाराच्या पडद्याखाली मालकांचे बूट दिसत होते.

“पाहिलीय का तुम्ही ही मालिका?” त्याने बिल्ल्यावर बोट ठेवून विचारलं.

“नाही.”

“एकही भाग नाही?”

“एकही नाही.”

तो तपासणीची जड फ्रेम नाकावर तशीच ठेवून उठून उभा राहिला. “किती नशीबवान आहात हो तुम्ही.”

सत्तावीस वर्षांत तिला कुणी नशीबवान म्हटलं नव्हतं. ताई तिला धांदरट म्हणायची, आणि भावोजी काहीच म्हणायचे नाहीत. पण ते कुणालाच काही म्हणत नसत. एवढ्या वर्षांनी मिळालेली पदवी लगेच परत करणं कुणालाही जड जातं. तिनेही ती ठेवून घेतली. आणि मग तो म्हणाला, की रविवारी दुपारी आम्ही तिघं जण पहिल्या भागापासून पुन्हा बघायला सुरुवात करतोय, येणार का… तेव्हा बूट निघून गेले होते. खरं सांगायला रस्ता मोकळा होता.

ती “येते” म्हणाली.

*

मंडळी जमायची ती कवळीकाकांच्या कारखान्यात. कवळीकाका दात करायचे. मागच्या खोलीत तिन्ही भिंतींवर फळ्या, आणि फळ्यांवर प्लास्टरचे जबडे ओळीने मांडलेले. पहिल्यांदा आत येणाऱ्याला वाटायचं, आपण काहीतरी विनोदी बोललो आणि तीनशे लोक हसले. काकांनी मालिकेच्या सगळ्या तबकड्या कवळ्यांच्याच डब्यांत ठेवल्या होत्या, वर भागांचे आकडे घालून. एकदा त्यांनी एका वकिलाला चुकून सोळावा भाग घरपोच दिला होता.

दुसऱ्या होत्या गणिताच्या बाई, शाळेतून निवृत्त. दुसऱ्या भागात अंतराळातून एक पाकोळी उडत जाते आणि शनीवर बसते. म्हणजे चित्रीकरणाच्या वेळी दिव्यावर आलेली पाकोळी. पण बाईंनी शनीच्या आकारावरून तिच्या पंखांची लांबी काढली होती, आणि ती सत्तर हजार किलोमीटर भरते हे त्या नातेवाइकांच्या लग्नांतही सांगायच्या.

तिसरा हा लिफ्टवाला.

या मंडळींची एक रीत होती. मालिका सगळ्यांना तोंडपाठ, तेव्हा पडद्यावर नवीन काही घडण्याची शक्यता नाही. नवीन घडू शकतं ते फक्त ती पहिल्यांदा बघणाऱ्याच्या चेहऱ्यावर. म्हणून कुणी नवखा आला की त्याला एकमेव गादीची खुर्ची मिळायची, टीव्हीच्या शेजारी तिरकी मांडलेली, आणि बाकीचे सगळे पडद्याकडे न बघता त्याच्याकडे बघायचे. पुढच्या भागांबद्दल अवाक्षर काढायचं नाही. सहा वर्षांत त्यांना एकही नवखा मिळाला नव्हता. काकांनी त्या रविवारी खुर्चीची गादी उन्हात घालून ठेवली होती.

हे तिला तिथे गेल्यावर कळलं. पहिला भाग कसाबसा निभावला. यानाच्या खिडकीतून पृथ्वी दिसेनाशी झाली तेव्हा तिने तोंडावर हात ठेवला, आणि बाकावरून समाधानाचा एक सामूहिक सुस्कारा आला. घरी जाऊन तिने ताईच्या आरशासमोर सराव केला. आश्चर्य साधं, आश्चर्य मोठं, आणि धक्का. तिसऱ्यावर ताई आत आली आणि पोटात दुखतंय का म्हणून ओव्याची पूड शोधायला लागली.

पण त्याच्या बघण्याला काय करणार? काका आणि बाई गंमत बघितल्यासारखे बघायचे. तो मात्र… कुणी पहिल्यांदा समुद्र बघतंय आणि आपण त्याला तिथवर आणलंय, तसा बघायचा. नवा चष्मा लावून बघायचा. तिनेच बसवलेल्या भिंगांतून. त्यामुळे तक्रारीला जागा नव्हती.

त्या चष्म्याची दांडी दर दोन दिवसांनी सैल व्हायची. तो संध्याकाळी कामावरून परस्पर दुकानात यायचा, हाताला ग्रीसचा वास, आणि गंभीर चेहऱ्याने चष्मा पुढे करायचा.

“कान वाकडे आहेत का हो माझे?”

“कान सरळ आहेत. हेतू वाकडा आहे.”

“त्याला काही उपाय?”

“रोज दाखवून जावं लागेल,” ती स्क्रू घट्ट करत म्हणाली, आणि मालकांचे बूट पडद्याखाली दोन पावलं पुढे सरकले.

तिसऱ्या रविवारपर्यंत अहो-जाहो गळून पडलं होतं. तिसरा भाग लागला. या भागाच्या नामावळीत एका पाहुण्या नटाचं नाव येतं, आणि ते वाचलं की पुढे कोण परत येणार हे चाणाक्ष माणसाला कळू शकतं. नाव यायच्या अर्धा सेकंद आधी तो बाकावरून उठला आणि त्याने टीव्हीच्या काचेवर तळहात ठेवला. नाव येऊन गेलं. त्याने हात काढला, काचेवर उमटलेला पंजा बाहीने पुसला आणि काही झालंच नाही असा जागेवर जाऊन बसला.

त्या तळहाताखाली काय लिहिलं होतं ते तिला अकरा फेऱ्यांपासून माहीत होतं. ती त्याच्या बाहीकडे बघत राहिली, आणि त्या बघण्याचा आरशाशी संबंध नव्हता.

तिसऱ्या भागाचा वाद प्रसिद्ध आहे. यानावरच्या रेडिओवालीला दूरवरून एक संदेश येतो. ती कानाला यंत्र लावून ऐकते. कप्तान विचारतो, काय होतं? ती म्हणते, काही नाही, नुसती खरखर. पण तिने काहीतरी ऐकलेलं असतं, हे तिच्या मानेवरून दिसतं. ती खोटं का बोलली? उत्तर थेट सव्विसाव्या भागात मिळतं. तोवर चाहत्यांनी शंभर तर्क केले होते, आणि एकाचाही खरा निघाला नव्हता.

भाग संपला, चहा झाला, आणि चर्चा सुरू झाली. बाईंनी यंत्र बिघडल्याची शक्यता टक्केवारीत मांडली. काका म्हणाले, रेडिओवालीची दाढ दुखत असणार, जबडा बघा तिचा. मग तो तिच्याकडे वळला. म्हणाला, आम्ही सगळे नासलेलो आहोत, आम्हाला शेवट ठाऊक आहे. स्वच्छ मनाची इथे तू एकटीच. तू सांग.

ती ठरवून काहीतरी चुकीचं सांगणार होती. तर्क तयार होता, त्यात वादळ होतं. पण तो इतका पुढे वाकून ऐकत होता, की वादळ विसरलंच.

“त्याआधी कप्तान हसलाय,” ती म्हणाली. “तीन भागांत पहिल्यांदा. चेहरा खुललाय त्याचा. तेवढ्यात हिला काहीतरी वाईट कळतं… आणि तो चेहरा हिच्याच्याने मोडवत नाही. दुसरं काही नाही. उद्या सांगू म्हणते. आणि मग उद्या काही येत नाही.”

काकांनी उघडलेलं तोंड मिटलं. फळीवरचे जबडेसुद्धा जरा मिटल्यासारखे वाटले. कारण सव्विसाव्या भागात रेडिओवाली जवळपास हेच म्हणते.

बरोबर की चूक ते मी सांगू शकत नाही, असं तो म्हणाला. मग उठला, बसला, पुन्हा उठला आणि शेजारच्या ग्लासातलं पाणी गटागटा प्यायला. त्यात कुणाची तरी कवळी भिजत होती.

*

इथून प्रकरण तिच्या हाताबाहेर गेलं. चाहत्यांचं एक पत्रक निघायचं, गावोगावी जायचं. त्याने आयुष्यात कधी चार ओळी लिहिल्या नव्हत्या, तरी त्यात दोन पानं लिहिली — पंचवीस वर्षांत जे कुणाला सुचलं नाही ते एका नवखीने तिसऱ्याच भागात ओळखलं. लोकांची पत्रं आली. एका बाईंनी लिहिलं की हे वाचून मी माझ्या सुनेशी पुन्हा बोलायला लागले. कसं ते लिहिलं नव्हतं. आणि वार्षिक मेळाव्याच्या लोकांनी ठरवलं, की यंदा चौथा भाग लावायचा, एका पडद्यावर भाग आणि शेजारच्या पडद्यावर त्या नवखीचा चेहरा. बारा फूट उंच. तीनशे माणसं.

मेळाव्यात आजवर खुर्च्या मांडणारा लिफ्टवाला यंदा मंचावर बसणार होता. त्याने नवा सदरा घेतला. तिला ताकीद दिली, की मेळाव्यापर्यंत चौथा भाग स्वप्नातही बघायचा नाही.

सांगून टाकायचा प्रयत्न तिने केला. एकदा दुकानात केला, तर बूट आले. एकदा जिन्यात केला, तर तिने “मला तुला काहीतरी सांगायचंय” म्हटल्याबरोबर त्याचा चेहरा असा उजळला, की तिने घाईघाईने सांगितलं, तुझा डावा नंबर पाव पॉइंटने वाढलाय. तो त्यावरही खूश झाला.

ताई म्हणाली, एवढं काय त्यात, मालिका तर आहे. तेव्हा भावोजींनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. ते बोलणार हे लक्षात आल्यावर ताईने गॅस बारीक केला.

“मालिकेचं सोड गं,” भावोजी म्हणाले. “तो तिच्या चेहऱ्यावर विसंबलाय. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आत सांग त्याला.” आणि ते पुन्हा वर्तमानपत्रामागे गेले, ते तीन आठवड्यांसाठी.

मेळाव्याच्या आदल्या दिवशी सभागृहात तालीम होती. रिकाम्या खुर्च्यांच्या रांगा, मंचावर एक खुर्ची, समोर तीन पायांवर कॅमेरा, आणि कॅमेऱ्यामागे तो. तो तारा जोडत होता. पडदा लुकलुकला आणि तिचा चेहरा उगवला — एकेक भुवई फळीएवढी. नाकाच्या शेंड्यावरचा तीळ तिला आजवर गोड वाटायचा. आता तो गणिताच्या बाईंकडून मोजून घ्यावा असा दिसत होता.

“जरा डावीकडे,” तो म्हणाला. “हां. अशीच राहा.”

त्याने आणखी दोन तारा जोडल्या. मग कॅमेऱ्याच्या मागून, कारण पुढून बोलायची हिंमत नव्हती, तो म्हणाला, “मी ही मालिका नऊ वेळा पाहिलीय. दहाव्यांदा बघताना पहिल्यांदाच… पडद्याकडे लक्ष नव्हतं माझं.”

“रीतच आहे ती. नवखीकडे बघायचं.”

“भाग संपल्यावरही बघत होतो. जिन्यात. दुकानाच्या काचेतून. ती काही रीत नाही.” त्याने एक तार काढली आणि परत तिथेच घातली. “तू आवडतेस मला. नुसतं तुझं ते चकित होणं नाही… पण ते धरून. सगळ्यात आधी तेच.”

पडद्यावर तिचे कान लाल झाले. बारा फुटी कान लाल होताना लपवायला जागा नसते. तिला वाटलं, हा क्षण असाच ठेवावा, उद्या मेळावा होऊ द्यावा, नंतर सांगू. आणि हे वाटताक्षणी रेडिओवालीची मान डोळ्यांपुढे आली.

“मी नवखी नाहीये,” ती म्हणाली. “अकरा वेळा पाहिलीय. तुझ्यापेक्षा दोनदा जास्त.”

शेवटचं वाक्य थट्टेच्या सवयीने निघून गेलं. तेवढं तरी गिळायला हवं होतं, असं तिला पुढे कितीतरी दिवस वाटत राहिलं.

तो कॅमेऱ्यामागून बाहेर आला नाही. तिथूनच त्याचा आवाज आला, अगदी साधा. “पहिल्या भागात पृथ्वी दिसेनाशी झाली, तेव्हा तू तोंडावर हात ठेवलास.”

“तो मुद्दाम. पुढच्यांचा तर सरावच केला. ताईच्या आरशात.”

“दुसऱ्या भागात रडलीस.”

“ते खरं. तिथे मी दर वेळी रडते.”

“आणि ते रेडिओवालीचं उत्तर? शेवटच्या भागातलं?”

“उत्तर तिथलं होतं. पण बोलले मी माझ्याबद्दल.”

तो पडद्याकडे बघत होता, तिच्याकडे नाही. “आणि आत्ता? मी ‘आवडतेस’ म्हणालो, तेव्हा हे जे झालं तुझ्या चेहऱ्याचं… हे?”

“हे खरं आहे.”

“मला आता ते कसं कळणार?”

तो टोमणा नव्हता. दोन तारांतली कुठली जिवंत आहे, असं कामावर विचारावं तसा तो खरोखरच विचारत होता. आणि दिवसभर लोकांना ‘आता स्पष्ट की मगाशी?’ विचारणाऱ्या तिने नुसतं पडद्याकडे बघितलं. तिथे एक प्रचंड बाई रडकुंडीला आली होती, आणि तिलाही ती क्षणभर खोटी वाटली.

“मला थोडे दिवस दे,” तो म्हणाला.

किती, असं तिने विचारलं. ते त्याला माहीत नव्हतं.

*

मेळाव्यात त्याने नवखीला गोवर आला म्हणून सांगितलं. मंचावरच्या खुर्चीत सभागृहाच्या पहारेकऱ्याला बसवलं. त्याने खरंच मालिका पाहिली नव्हती. तो चौथा भाग सुरू होताच झोपला. तीनशे माणसांनी चाळीस मिनिटं बारा फुटी झोपलेला पहारेकरी बघितला, आणि असा मेळावा आजवर झाला नव्हता असं सर्वानुमते ठरलं. तिच्या नावाने सत्तावन्न लोकांची गोवराला उतार पडावा अशी पत्रं आली.

तिने दिवस दिले. या बाबतीत ती कमालीची प्रामाणिक राहिली, जणू आधीची कसर भरून काढायची होती. फोन केला नाही, रविवारी त्या रस्त्याने गेली नाही, एकदा तो लांबून दिसला तर औषधाच्या दुकानात शिरली आणि उगाचच कापूस घेऊन आली. दहा आठवडे गेले. घरात कापूस पुष्कळ साठला.

अकराव्या आठवड्यात कवळीकाका डोळे दाखवायला आले. पाटी न वाचताच बोलायला लागले. लिफ्टवाल्याला चार तासांवरच्या शहरात नोकरी लागली होती, नव्या उंच इमारतीच्या लिफ्ट बसवायची. जाऊन पंधरा दिवस झाले. तुला सांगून गेला असेलच, असं म्हणत काकांनी तिच्याकडे बघितलं आणि मग ते एकदम पाटी वाचायला लागले.

“काका.”

“चार रविवार थांबला गं तो,” काका म्हणाले. “मंडळी नाही, भाग नाही, नुसता येऊन बाकावर बसायचा. मी म्हटलं, फोन कर की. तर म्हणतो, फोनवर आवाज येतो, चेहरा येत नाही. तिने यायला पाहिजे, मग मी बघून ओळखीन. मी म्हटलं, तू जा मग दुकानात. तर म्हणतो, मीच वेळ मागितलाय, मीच कसा जाऊ.”

चारही रविवार ती घरी, ताईच्या खिडकीत बसून त्याला हवे तेवढे दिवस देत होती.

तिने काकांकडून पत्ता घेतला आणि मालकांना सांगितलं की उद्या येणार नाही. मालकांनी कारण विचारलं. अंतराळ, ती म्हणाली. मालकांनी तिच्या तोंडाकडे बघितलं आणि रजा लिहून घेतली.

*

इमारत एकतीस मजल्यांची होती, रंगाच्या वासाची, अजून कुणी राहायला न आलेली. खाली पहारेकरी होता. तो म्हणाला, लिफ्टची चाचणी चालू आहे, माणसांना बंद. साहेब वर आहेत, जिना तिकडे. किती वर, असं तिने विचारलं. त्याने आकाशाकडे बोट दाखवलं.

पाचव्या मजल्यापर्यंत तिने काय बोलायचं ते नीट जुळवलं. नवव्यापर्यंत त्यातला निम्मा भाग गळला. चौदाव्याला चपलेचा पट्टा तुटला. एकोणिसाव्याला ती जिन्याच्या तोंडाशी पायरीवर बसली, केस कपाळाला चिकटलेले, तोंड टोमॅटोसारखं, आणि श्वास शिटीसारखा वाजत होता. तेवढ्यात समोर टिंग असा आवाज झाला आणि लिफ्टचं दार उघडलं.

आत माणसांऐवजी ठेवलेल्या लोखंडी वजनांची चळत होती आणि तो होता, हातात एक कागद घेऊन.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. दार बंद व्हायला लागलं. त्याने हात घालून ते अडवलं.

“पाणी?” तो म्हणाला.

बाटली घेताना तिच्या हातून निम्मं सांडलं. तिला बोलायचं होतं, पण नुसतीच शिटी वाजली. तो तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला, जवळून, चष्मा नाकावर सरळ करून. मग हळूच हसला.

“हा नाही करता येणार आरशासमोर,” तो म्हणाला.

“नाही,” ती म्हणाली. एवढाच एक शब्द निघाला.

त्याने तिला आत घेतलं. वजनांतलं एक बाहेर उतरवून ठेवलं, तिच्या वजनापुरतं. चाचणी मध्येच सोडता येत नव्हती. लिफ्टने खाली जाताना प्रत्येक मजल्यावर थांबायचं, दार उघडायचं, मिटायचं, आणि त्याने कागदावर खूण करायची. ती एका लोखंडी वजनावर बसली. अठरावा मजला उघडला, रिकामा, ऊन पडलेला. मिटला. खूण. सतरावा.

“मी तुला दिवस देत होते,” ती म्हणाली. “तुला हवे होते म्हणून.”

“माहीत आहे.” खूण. “म्हणजे आता माहीत झालं.”

“आता तरी कळलं ना? खरं काय ते?”

“कळलं.” पंधरावा मजला उघडला आणि मिटला. “एकोणिसाव्यालाच कळलं.”

मग तिने विचारलं, की परत येतोस का. इतकं सरळ तिने आयुष्यात काही विचारलं नव्हतं. चौदा. तेरा. त्याच्या हातातलं पेन्सिलीचं टोक कागदावरच टेकून राहिलं.

“चार रविवार वाट बघून मी घरी गेलो ना,” तो म्हणाला, “तेव्हा फार वाईट अवस्था होती. कामात चुका व्हायच्या. या कामात चूक म्हणजे कुणीतरी खाली जातं. मग मी रोज सकाळी दाढी करताना स्वतःला सांगायला लागलो, की काही झालेलं नाही. तू नव्हतीसच. तू जसं केलंस, तसंच. आरशासमोर. रोज.”

“मग?”

“पहिले पंधरा दिवस चेहरा खोटा दिसायचा. मग जमायला लागलं.” खूण. “आता जमलंय. तेच वाईट झालं.”

दहावा मजला उघडला. तिथे कुणीतरी भिंतीला पिवळा रंग अर्धा देऊन सोडला होता.

“मला राग नाहीये,” तो म्हणाला. “मगाशी तुला बघितलं तेव्हा वाटलं, आता येईल सगळं परत. उभा राहिलो होतो त्यासाठीच, दाराला हात लावून. पण…”

“नाही आलं.”

“थोडं आलं.” त्याने चष्मा काढून पुसला. करडा ठिपका तिथेच होता. “पूर्वीएवढं नाही.”

थोडं तर थोडं, मला चालेल, असं तिला म्हणायचं होतं. पण जो माणूस तिच्यासाठी टीव्हीच्या काचेवर हात धरून उभा राहिला होता, त्याच्याकडे आता थोडं मागायचं… सहावा मजला. पाचवा. तिने त्याच्या कागदाकडे बघून सांगितलं, की सातव्याची खूण राहिली. त्याने केली. थँक्यू म्हणाला. मग दोघांना उगाचच हसू आलं, आणि ते तिसऱ्या मजल्यापर्यंत टिकलं.

तळमजला आला. ती तुटकी चप्पल हातात घेऊन उतरली. चष्म्याची दांडी सैल वाटतेय, असं ती म्हणाली. तो म्हणाला, इथेही एक दुकान आहे कोपऱ्यावर. ते ऐकल्यावर दोघांनाही समजलं, की याच्यापुढे बोलायचं काही नाही.

“मला वर जायचंय,” तो म्हणाला. “वर जाताना पुन्हा सगळे मजले.”

“जा.”

दार मिटलं. वरच्या पट्टीवर लाल आकडे होते. एक. थांबला. दोन. थांबला. पहारेकरी म्हणाला, बाई, बाहेर खुर्ची आहे, बसा. ती उभीच राहिली. सहा. सात. आठवर लिफ्ट थांबली आणि थांबूनच राहिली. एका खुणेला लागतो त्यापेक्षा जास्त वेळ. दोन खुणांपेक्षा जास्त. तिने चप्पल छातीशी धरली. आकडा बदलेना. मजला रिकामा होता, तिथे त्याचं काही काम नव्हतं, आणि खाली यायला एक बटण पुरलं असतं…

मग आठाचे नऊ झाले.